चढू दिलेला ताप

त्या वर्षी मोहगुड्यात हिवतापाची साथ आली, तेव्हा सगळ्यांत आधी ठणठणीत बरा झाला तो सुखदेव. लाकूड डेपोच्या मागे पडून राहणारा, बायकोने टाकलेला, भावांनी हाकललेला. त्याच्या उशाशी कोणी बसलं नाही, कपाळावर कोणी पट्टी ठेवली नाही. आरोग्य केंद्राच्या आशाताईने हिवतापावरच्या कुलूपगोळ्यांचं पाकीट त्याच्या हातावर टेकवलं आणि नाकाला पदर लावून ती निघून गेली. आठवड्याभरात हा गडी चौकात उभा राहून तंबाखूचा खर्रा घोटत होता.

आणि दौलत मुनघाटे गुरुजी, ज्यांच्या उशाशी साक्षात गिरजाबाई बसलेल्या, ते त्याच पावसाळ्यात तिसऱ्यांदा आडवे झाले.

देवाच्या कारभारात असा सावळागोंधळ गिरजाबाईंना मुळीच खपणारा नव्हता. त्या आश्रमशाळेच्या मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका आणि गुरुजींच्या पत्नी. पण गावाच्या लेखी त्यांचं खरं पद वेगळंच होतं. कुणाचं अंग तापलं की माणसं आधी गिरजाबाईंकडे यायची आणि मग दवाखान्यात जायची. मिठाच्या पाण्यातल्या पट्ट्या, तळपायाला कांद्याचा रस, वेळेवर तापाची गोळी आणि सोबतीला अखंड बडबड. ताप म्हणजे त्यांना घरात घुसलेलं जनावर वाटे. दिसलं की हाकलायचं. तो हटेपर्यंत त्या स्वतः जेवत नसत आणि दुसऱ्यालाही धड जेवू देत नसत. शाळेच्या स्वयंपाकघरातली झुरी पुंगाटी तर म्हणायची, "बाईंना पाहून तापच घाबरते जी."

यंदाचा ताप मात्र घाबरत नव्हता. उतरायचा, माणूस उठायचा, आणि दोनतीन आठवड्यांनी पुन्हा तोच. गुरुजींचं रक्त दर फेऱ्याला खालावत चाललं होतं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर उसेंडींनी तिसऱ्या फेऱ्याला रक्त तपासलं आणि गिरजाबाईंना व्हरांड्यात बोलावून सांगितलं, "काकू, हिमोग्लोबिन सहावर आलंय. नागपूरहून रक्त मागवून चढवता येईल, पण अंगातला जंतू तसाच राहिला तर तो तेही खाऊन टाकेल. जुनी औषधं आता चालत नाहीत, नवं अजून चाचणीत अडकलंय. आहे ती कुलूपगोळीच. आणखी एकदोन फेरे यांना झेपतील असं मला वाटत नाही."

गिरजाबाईंनी मान डोलावली, आत गेल्या आणि पट्टी बदलली. दुसरं काय करणार?

---

निशिगंधा आली ती अशा वेळी. गिरजाबाईंच्या भावाची मुलगी. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत परजीवींच्या विकरांवर, म्हणजे एन्झाइमांवर, काम करायची. जीपमधून उतरली तेव्हा तिच्या काखेत मिक्सरएवढं एक यंत्र होतं आणि चपला चिखलात रुतल्या होत्या.

"आत्या, आतोबांना बघायला आले हे खरं आहे, पण अर्धंच," तिने पाय धुता धुता सांगितलं. "अर्धी मी तुझ्या चौकशीला आलेय."

"माझी चौकशी? काहून, मी काय दरोडा घातला?"

निशीने फोनच्या पडद्यावर तालुक्याचा नकाशा उघडला. कुलूपगोळ्या घेऊनही ज्यांचा ताप उलटला, त्या घरांवर लाल ठिपके होते. ज्यांचा कायमचा गेला, तिथे हिरवे. लाकूडतोड्यांची पालं, डेपोची मागची बाजू, एकटी राहणारी म्हातारी माणसं, सगळं हिरवंगार. वसतिगृह, मास्तरांच्या चाळी, भरलेली घरं, सगळी लाल.

"ज्या घरी काळजी घेणारं माणूस आहे, तिथला ताप उलटतो. जिथे कोणी विचारत नाही, तिथला जातो. आणि सगळ्यांत गडद लाल कुठे आहे बघ. तुझ्या आजारी-खोलीत."

"म्हणजे माझ्या हातालाच दोष आहे म्हणतेस?"

"दोष म्हणत नाही गं. मला काही कळत नाहीये, एवढंच म्हणतेय. गोळी तीच, डास तेच, जंतू तोच. मग फरक कशाचा?"

"फरक एवढाच," पांघरुणातून गुरुजी बोलले, "की सुखदेवाला कोणी कांद्याचा रस लावत नाही. त्या वासानेच माझं दुखणं लांबलं."

"गप राहा तुम्ही. ताप नाही म्हणून तोंड चालू राहिलं तुमचं."

निशीने गुरुजींच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला आणि यंत्रात घातला. तिच्या प्रयोगशाळेत या यंत्राला रूपदर्शी म्हणत. थेंबातल्या परजीवीची जनुकं वाचायची, त्यावरून त्याचं विकर कसं घडलं असेल ते ताडायचं आणि ते नुसतं चित्रासारखं नाही, तर हलतंफिरतं, धडधडतं दाखवायचं, असं त्याचं काम. पाचसहा वर्षांपूर्वी ज्यासाठी इमारतभर यंत्रं लागायची, ते आता गिरजाबाईंच्या शिलाई मशीनवर मावलं होतं.

यंत्रातून उजेडाचा झोत पडला आणि भिंतीवर एक गुंतवळ उमटली. रंगीत दोऱ्यांचे चार गुंडे, एकमेकांत रुतलेले, आणि सगळंच्या सगळं श्वास घेतल्यासारखं हलणारं.

"हा तो चोर?" गिरजाबाईंनी विचारलं.

"ही त्याची चूल म्हण," निशी म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. शिकवायची हौस तिला आतोबांकडून आलेली होती.

हिवतापाचा परजीवी माणसाच्या लाल पेशीत शिरतो आणि तिथली साखर अधाशासारखी खातो. ती नीट पूर्ण जाळण्याचा व्याप तो करत नाही. अर्धवट जाळायची, झटपट ताकद काढून घ्यायची आणि मागे उरलेल्याचं लॅक्टिक आम्ल करून बाहेर टाकायचं. या शेवटच्या पायरीला जे विकर लागतं, ते लॅक्टेट डिहायड्रोजनेज. ते अडलं की मागची सगळी साखळी तुंबते आणि परजीवी उपाशी मरतो. माणसाच्या अंगातही असंच विकर असतं, पण परजीवीच्या विकराला तोंडाशी एक जास्तीचा पदर असतो, झाकणासारखी उघडमीट करणारा. कुलूपगोळी नेमकी त्या झाकणात जाऊन बसते. माणसाची चूल चालू राहते आणि जंतूची विझते. गोळीला हे नाव पडलं ते त्यामुळेच.

"मग आता काय, त्याने झाकण बदललं?" गुरुजी उठून बसले होते. अंगात रक्त नव्हतं, पण जिज्ञासा शाबूत होती.

"आम्हालाही आधी तसंच वाटलं. पण झाकण जसंच्या तसं आहे. बदल झालाय तो इथे, लांब." निशीने चार गुंड्यांच्या मधल्या जागेवर बोट ठेवलं. "आतोबा, वसतिगृहातली लाकडी बाज डोळ्यांसमोर आणा. चार पाय, चार सांधे. एका सांध्यातली पाचर थोडी झिजली, तर बाज मोडत नाही. जराशी तिरकी होते. हे विकर तसंच तिरकं झालंय. आणि तिरकं झाल्यावर झाकणाची फट एवढीशी सरकली. कुलूप बसेना. साखर मात्र पूर्वीसारखीच रिचवतंय."

"वा रे पठ्ठ्या," गुरुजी म्हणाले. त्यांच्या आवाजात नकळत कौतुक उतरलं, तशा गिरजाबाईंनी डोळे वटारले.

"पण यातलं काहीही," निशी म्हणाली, "हिरवे ठिपके का हिरवे, ते सांगत नाही. सुखदेवच्या अंगातही हाच तिरका जंतू होता. त्यालाही गोळी लागू पडायला नको होती."

भिंतीवरची गुंतवळ आरामात डुलत होती.

"मजेत आहे लेकाचा," गुरुजी म्हणाले. "मला दुपारी एकोणचाळीसपर्यंत चढतो आणि हा इथे गारेगार बसून राहिला. त्यालाही चढव ना जरा ताप. बघू काय गंमत होते."

निशी हसली. हसता हसता तिने यंत्राची कळ फिरवली. सदतीस. साडेसदतीस. अडतीस. दोरे जरा जास्त थरथरू लागले. उष्णता वाढली की प्रत्येक अणू जागच्या जागी अधिक नाचतो, त्यात नवल नव्हतं. एकोणचाळीस. चारांपैकी एक गुंडा हलकेच डगमगला. निशीचं हसू थांबलं. साडेएकोणचाळीस ओलांडलं आणि तो गुंडा सुटला. मग दुसरा. बघता बघता मोळीची गाठ सुटावी तसं सगळं विकर भिंतभर विखुरलं आणि दोऱ्यांचा चोथा उरला.

निशीने कळ मागे घेतली, पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. मग तिने जुन्या, घट्ट सांध्याच्या परजीवीचं विकर लावलं आणि एकेचाळीसपर्यंत नेलं. ते नुसतं थरथरलं, मोडलं नाही.

"आम्ही सगळे," ती सावकाश म्हणाली, "आमच्या काचेच्या बश्यांत याला सदतीसवर वाढवतो. कायम. रात्री वीज गेली तर मुलं धावत जाऊन जनित्र लावतात, बिचाऱ्या पेशींना गारवा लागू नये, उष्मा लागू नये म्हणून. आम्हीसुद्धा याची शुश्रूषाच करत बसलो होतो."

ते "सुद्धा" गिरजाबाईंनी बरोबर उचललं. सुखदेवाचा ताप कोणी उतरवला नव्हता. लाकूडतोड्यांचा उतरवला नव्हता. तो चढला, ढिल्या सांध्याची ती बाज मोडली आणि जंतू मेला. आणि जिथे जिथे मायेचं माणूस होतं, तिथे तिथे...

त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला, पण घासायची भांडी तर झुरीने सकाळीच घासून ठेवली होती.

---

डॉक्टर उसेंडी आधी कबूल होईनात. मग त्यांनी निशीबरोबर यंत्रापाशी दोन दुपारी काढल्या, नागपूरच्या वरिष्ठांशी बोलले, गुरुजींचं हृदय तपासलं आणि अटी घातल्या. ताप चाळीसपर्यंत चढू द्यायचा, साडेचाळीसच्या वर नाही. छातीला तारा, हाताला सलाईन, शेजारी बर्फाच्या पाण्याचं घमेलं तयार. आपण सांगितलं की त्या क्षणी उतरवायचा. "आणि हे मोठ्या माणसापुरतंच, तेही माझ्या डोळ्यांसमोर," त्यांनी बजावलं. "लेकराला, गरोदर बाईला नाही. लेकरांना तापात झटके येतात. त्यांच्यासाठी दुसरं काही शोधावं लागेल."

"मला काय करायचंय?" गिरजाबाईंनी विचारलं.

"काहीही नाही, काकू. तेच अवघड आहे."

ठरल्या दुपारी गुरुजींना हुडहुडी भरली. गिरजाबाई खाटेपाशी स्टुलावर बसल्या आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. निशी पारा वाचत होती. अडतीस. साडेअडतीस. त्याच्या थोडा वर. आणि तिथेच तो थबकला. तासभर थबकला आणि खाली आला. गुरुजींना दरदरून घाम फुटला. रक्त पाहिलं तर परजीवी जिवंत, धष्टपुष्ट.

"यंत्र चुकलं असेल," निशी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "भिंतीवरचं विकर वेगळं, माणसाचं अंग वेगळं."

गुरुजी झोपले तसा गिरजाबाईंनी त्यांचा पलंग नीटनेटका करायला घेतला. तेवढंच हाताला काम. चष्म्याचं घर उशीखाली रुतलं होतं, ते काढलं, तर ते खुळखुळलं. आत तापाच्या गोळ्यांची पट्टी होती. गिरजाबाईंनीच कधीतरी शाळेच्या सहलीसाठी दिलेली. दोन गोळ्या कमी.

गुरुजींना जागं करायला त्यांनी वेळ लावला नाही.

"हे काय आहे?"

गुरुजींनी डोळे किलकिले केले. "चष्म्याचं घर."

"दौलतराव!" लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि नवऱ्याला नावाने हाक मारायची ही त्यांची दुसरी वेळ. पहिली उखाण्यात. "केव्हा गिळल्या?"

"तू झुरीशी बोलायला दारात गेलीस ना, तेव्हा."

"काहून? जीव नकोसा झालाय का तुम्हाला? ती पोरगी एवढ्या लांबून आली, डॉक्टर सगळं सोडून बसून राहिले, आणि तुम्ही..."

"तू हात मांडीखाली दाबून बसली होतीस," गुरुजी म्हणाले. "तुझ्याकडे बघवत नव्हतं गिरजा. माझ्या तापाचं काय, मला तेव्हा शुद्धच नसते फारशी. म्हटलं, पारा जरा उतरला तर हिचा जीव खाली पडेल."

तीन वेळा गिरजाबाईंनी या माणसाचा जंतू मायेने वाचवला होता. चौथ्या वेळी त्यानेच तो वाचवला, तोही मायेनेच. एका घरात दोन असे असल्यावर परजीवीला आणखी काय हवं?

"मूर्ख आहात," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या पायांवरचं पांघरूण नको तितकं घट्ट खोचलं.

---

या जातीचा ताप एक दिवसाआड येतो. डॉक्टरांनी रक्त पुन्हा पाहिलं आणि स्पष्टच सांगितलं, आता एकच संधी. त्यानंतर गुरुजींच्या अंगात एवढा ताप सोसायची ताकदच उरणार नाही.

गिरजाबाईंनी सकाळी नवऱ्याचे खिसे तपासले, उशी पिंजून पाहिली, चष्मा जप्त केला. मग दार लावून घेतलं आणि त्यांना सांगितलं, "हे बघा. माझ्याकडे बघून घाबरायचं नाही. मी आज तुमचा ताप चढवणार आहे."

"चढवणार?"

"नुसतं बसणं मला जमत नाही. तुम्हाला ते बघवत नाही. मग चढवतेच."

आणि दुपारी हुडहुडी सुरू झाली तशी त्यांनी कामाला हात घातला. दोन घोंगड्या आणल्या, खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, कोमट पाणी चमचा चमचा पाजलं. डॉक्टर म्हणाले, एवढ्याची गरज नाही. गिरजाबाई म्हणाल्या, "तुम्हाला नसेल." एकोणचाळीस झाले तेव्हा त्यांनी आकडा मोठ्याने वाचला, पोराने पहिला नंबर काढावा तशा आवाजात. गुरुजी दात वाजवत हसले.

साडेएकोणचाळीसनंतर ते हसेनासे झाले. बरळू लागले. आधी वर्ग घेतला. पर्लकोटा, पामुलगौतम, इंद्रावती, तीन नद्या कुठे मिळतात, मागच्या बाकावरचा सांग. मग वर्ग सुटला.

"गिरजा. पट्टी."

चाळीस. त्यांचा हात घोंगडीबाहेर येऊन हवेत काहीतरी चाचपत होता.

"गिरजा, जळून राहिलं सगळं. कुठे गेलीस तू? एवढा कसला राग धरलास?"

डॉक्टरांनी छातीच्या तारांकडे पाहिलं आणि मान हलवली. ठीक आहे, अजून थांबा. निशी भिंतीकडे तोंड करून उभी होती. गिरजाबाईंनी घमेल्यातलं फडकं उचललं. बर्फाच्या पाण्यात बुडवलं, पिळलं, घडी घातली. तीस वर्षांचा हात तो, त्याला कोणी सांगावं लागत नव्हतं. डॉक्टर अर्धवट उठले.

गिरजाबाईंनी ती पट्टी स्वतःच्या कपाळावर ठेवली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. पाणी नाकावरून ओघळत होतं.

"इथेच आहे मी," त्या म्हणाल्या. "रागात नाही. नद्या सांगा पुढच्या. इंद्रावतीनंतर कोणती?"

गुरुजी नद्या सांगत राहिले, चुकीच्या, भलत्याच जिल्ह्यांतल्या. गिरजाबाईंनी एकही दुरुस्त केली नाही. दुपार कलली. डॉक्टर शेवटी म्हणाले, "पुरे. उतरवा," आणि त्यानंतरच्या पाऊण तासात मोहगुड्याने कधी पाहिली नसेल अशी शुश्रूषा त्या खोलीत झाली. पट्ट्या, पंखा, गोळी, सलाईन आणि झाडून सगळी बडबड. कांद्याचा रससुद्धा.

संध्याकाळी निशीने सूक्ष्मदर्शकात पाहिलं. लाल पेशींत परजीवी होते, पण सुकलेल्या शेंगांसारखे, आक्रसलेले. तिने यंत्रही लावलं नाही. "आत्या, ये बघ," एवढंच म्हणाली. गिरजाबाईंनी भिंगाला डोळा लावला. ज्याच्याशी आयुष्यभर भांडलो तो एवढासा असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

एक दिवसाआड येणारी दुपार आली. सगळे खोलीत जमून तापाची वाट पाहत बसले. ताप आला नाही. चहाची वेळ झाली तसे गुरुजी काहीसे खट्टू होऊन म्हणाले, "आता मला कोण विचारणार?"

"आता मला एक सांग," ते निशीकडे वळले. "हा जंतू उद्या हुशार झाला तर? सांधा पुन्हा घट्ट केला तर?"

"मग कुलूप बसेल," निशी म्हणाली. "घट्ट केला तर गोळीने मरतो. ढिला ठेवला तर तापाने. तिसरी वाट तो शोधेलच कधीतरी. पण तोवर आपल्याला वेळ मिळेल. फक्त..." ती थांबली. "फक्त गावोगावच्या बायकांना कोण सांगणार, की दवाखान्यात डॉक्टरांपुढे बसायचं, आणि पट्टी ठेवायची नाही? माझं कोण ऐकणार?"

गिरजाबाई कप उचलायला लागल्या.

ऐकायची वेळ आली ती त्याच आठवड्यात. झुरीचा नवरा लालसू दुसऱ्यांदा तापाने पडला. डॉक्टरांनी त्याला केंद्रात घेतलं, तारा लावल्या, घमेलं ठेवलं. गिरजाबाई पोचल्या तेव्हा झुरी खाटेपाशी उकिडवी बसली होती. लालसू कण्हला तसा तिचा हात पाण्यात गेला.

"नाही झुरी. अजून नाही."

"जळून राहिला तो, बाई."

"माहीत आहे."

"तुम्हीच तर शिकवलं मला!" झुरीचा आवाज फाटला. "माझ्या पोरीच्या वेळी या हाताला धरून शिकवलं. आता तुम्हीच म्हणता, पाहात बस? असं कसं पाहील कोणी?"

विकर, सांधा, पाचर, सगळं गिरजाबाईंना तोंडपाठ होतं, आणि त्यातला एक शब्दही या घडीला उपयोगाचा नव्हता. त्या झुरीच्या शेजारी खाली जमिनीवर बसल्या. तिचे ओले हात पाण्यातून काढले, पदराने पुसले आणि आपल्या हातांत घेतले. झुरीने ओढून पाहिले. गिरजाबाईंनी सोडले नाहीत.

"कसं पाहायचं ते मलाही येत नाही," त्या म्हणाल्या. "धरून बसू."

एकोणचाळीस, डॉक्टर म्हणाले.

दोघी धरून बसल्या.